शंभर लिटर पाण्याचे तीस पैसे : तासगाव तालुक्यातील एक प्रकरण अभ्यास

सांगली जिल्ह्याच्या पूर्व पट्ट्यात पाणी विकत घेण्याची रीत जुनी आहे आणि बहुतेक ठिकाणी ते तासावर विकले जाते. ज्याची विहीर किंवा ज्याची उपसा योजना, तो मोटर सुरू झाल्याची आणि बंद झाल्याची वेळ वहीत टिपतो. घेणारा आपल्या परीने लक्षात ठेवतो. आणि द्राक्षाचे किंवा बेदाण्याचे पैसे हाती आले की दोघे हिशेबाला बसतात. तासाचा हिशेब हा पाण्याचा हिशेब नव्हे, हे दोघांनाही ठाऊक असते. विजेचा दाब पडला, नदीची पातळी खाली गेली किंवा वरच्या अंगाचे दोन व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहिले, तर टेलच्या (पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाच्या) शेतकऱ्याला त्याच एका तासात निम्मेही पाणी मिळत नाही. पैसे मात्र पूर्ण तासाचे लागतात.

येथे मांडलेले प्रकरण तासगाव तालुक्यातील दोन पक्षांचे आहे. पहिला पक्ष म्हणजे नोंदणीकृत उपसा जलसिंचन संस्था. दुसरा पक्ष म्हणजे तिच्या लाभक्षेत्राबाहेरील चाळीस बागायतदारांचा गट, जो रीतसर परवानगीने संस्थेचे शिल्लक पाणी घेतो आणि स्वतःच्या पाइपलाइनने बागांपर्यंत नेतो. नावे वगळली आहेत आणि आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल धरले आहेत: प्रत्येकाची एक एकर द्राक्षबाग, सर्वत्र ठिबक, आणि पाण्याचा दर घनमीटरला ३ रुपये. हा दर हवेतून घेतलेला नाही. एक घनमीटर पाणी १०० मीटर उचलायला, पंपाची एकूण कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर जवळजवळ अर्धा युनिट वीज लागते; त्यावर पाइपलाइनची देखभाल, कामगाराचा पगार आणि पाणीपट्टी चढते.

गटाची मागणी साधी होती: जितके पाणी मिळेल तितकेच पैसे द्यायचे, आणि ते त्या त्या वेळी. संस्थेचीही मागणी साधी होती: हंगामभराची उधारी नको. दोन्ही मागण्या एकत्र ठेवल्या की मायक्रोपेमेंटचा, म्हणजे अगदी लहान रकमेच्या पुष्कळ व्यवहारांचा, प्रश्न उभा राहतो. त्यासाठी ब्लॉकचेनचा, म्हणजे अनेक संगणकांवर एकसारखी ठेवलेल्या आणि कोणा एकाला बदलता न येणाऱ्या नोंदवहीचा, विचार झाला; पुढे तिलाच साखळी म्हटले आहे. प्रत्येक बागेच्या तोंडाशी पल्स (ठरावीक पाणी गेले की विजेचा एक ठोका) देणारे वॉटर मीटर, त्याला जोडलेला ईएसपी-३२ जातीचा छोटा नियंत्रक, विजेवर उघडझाप होणारा व्हॉल्व्ह आणि रेडिओ, एवढी सामग्री बसवायचे ठरले. मीटर दर १०० लिटरला एक पल्स देते. एकरी ताशी १० हजार लिटर सोडणाऱ्या ठिबकवर याचा अर्थ दर ३६ सेकंदांना एक पल्स, आणि एका पल्सची किंमत ३० पैसे. उन्हाळ्यात एकरी रोज ४ मिलिमीटर पाणी धरले तर सुमारे १६ घनमीटर होतात, म्हणजे बागेमागे दिवसाला १६० पल्स. चाळीस बागांच्या मिळून ६,४०० पल्स. पाण्याची किंमत १,९२० रुपये.

यूपीआय असताना ब्लॉकचेन कशाला

हा प्रश्न पहिल्याच बैठकीत आला आणि तो रास्त होता. यूपीआय २०१६ पासून आहे, जानेवारी २०२० पासून त्यावर दुकानदाराला शुल्क पडत नाही, आणि यूपीआय लाइटवर पिन न टाकता एका वेळी १,००० रुपयांपर्यंतची रक्कम जाते. पण यूपीआय माणसासाठी बांधलेली व्यवस्था आहे. खाते माणसाचे, फोन माणसाचा, आणि दिवसात किती व्यवहार करता येतील यावर बँकांच्या मर्यादा. बांधावरच्या व्हॉल्व्हला बँक खाते नसते आणि मध्यरात्री थ्री फेज आल्यावर तो दर ३६ सेकंदांनी ३० पैसे पाठवू शकत नाही. आठवड्याचा एकगठ्ठा व्यवहार मात्र यूपीआय किंवा बँकेतूनच व्हायला हवा, आणि शेवटी तसेच ठरले.

दुसरा पर्याय होता साधा सर्व्हर: संस्थेच्या कार्यालयात एक संगणक, त्यात सगळ्या पल्सची नोंद. एकाच संस्थेच्या सभासदांपुरता प्रश्न असता तर माझ्या मते हाच पर्याय योग्य ठरला असता आणि हे प्रकरण लिहिण्याचे कारणच उरले नसते. येथे मात्र पक्ष दोन आहेत, आणि तंटाच वहीवरून आहे. संस्थेचा सर्व्हर म्हणजे संस्थेचीच वही, आता संगणकात. गटाने आपला सर्व्हर ठेवला तर दोन वह्या, आणि त्यांत फरक निघाला की पुन्हा पहिल्यासारखेच. दोघांपैकी कोणाच्याही हातात नसलेली आणि दोघांनाही एकच शेवटचा आकडा मान्य करायला लावणारी नोंद, एवढ्यापुरतीच ब्लॉकचेनची गरज होती. ती याहून मोठी करून सांगण्यात अर्थ नाही.

प्रत्येक पल्स साखळीवर टाकली तर

गटातील एका पदवीधर मुलाने आधी हीच योजना मांडली होती: व्हॉल्व्हलाच वॉलेट (साखळीवरचे खाते) द्यायचे आणि दर पल्सला पैसे पाठवायचे. बिटकॉइनवर हे वेळेच्याच हिशेबात बसत नाही, कारण तेथे सरासरी १० मिनिटांनी एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा, निघतो आणि तेवढ्यात एका बागेत सोळा-सतरा पल्स होऊन जातात. ईथेरियम या दुसऱ्या साखळीवर वेळ बसते, पैसे बसत नाहीत. तेथे सर्वांत साध्या हस्तांतरणाला २१,००० गॅस लागतो; गॅस म्हणजे साखळीवरच्या कामाचे माप. गॅसचा भाव १ ग्वेई (ईथर या तेथील चलनाचा अब्जावा भाग) आणि एका ईथरची किंमत २ लाख रुपये धरली तर एका हस्तांतरणाचे शुल्क ४ रुपये २० पैसे होते. म्हणजे ३० पैशांच्या पाण्यामागे चौदा पट. गर्दीच्या वेळी भाव १० ग्वेईवर गेला की हेच शुल्क ४२ रुपये. चाळीस बागांचा दिवसाचा खर्च स्वस्त भावातही २६,८८० रुपये, आणि पाणी १,९२० रुपयांचे.

स्वस्त साखळी शोधणे हा यावरचा सर्वांना सुचणारा उपाय. मार्च २०२४ मधील डेन्कन सुधारणेनंतर ईथेरियमवरील रोलअपचे, म्हणजे अनेक व्यवहार एकत्र बांधून मुख्य साखळीवर टाकणाऱ्या जोडसाखळ्यांचे, शुल्क खूपच उतरले, हे खरे. उपकरणांसाठीच म्हणून पुढे आलेल्या आयोटा या जाळ्याने सुरुवातीला शुल्कच ठेवले नव्हते. पण आयोटाच्या त्या रचनेत व्यवहार पक्के करायला एक मध्यवर्ती समन्वयक लागत असे, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रिनिटी वॉलेटमधून चोरी झाल्यावर तो समन्वयक थांबवला गेला, तेव्हा सगळे जाळे काही आठवडे ठप्प राहिले. २०२५ मध्ये त्या जाळ्याची रचनाच बदलली आणि थोडे शुल्कही आले. पाण्याची पाळी कोणाच्या समन्वयकासाठी थांबत नाही. शुल्क पाच पैशांवर आले तरी प्रत्येक पल्समागे ते सहावा हिस्सा खाते, आणि भाव उद्या किती असेल ते संस्थेच्या हातात नसते. म्हणून साखळी बदलण्याआधी साखळीवर काय टाकायचे ते ठरवणे भाग होते.

हॅशची माळ

पैसे एकाच दिशेने जातात, कारण पाणीही एकाच दिशेने जाते. या एका गोष्टीने पुढचे बरेच काही सोपे झाले. जोसेफ पून आणि थॅडियस ड्रायजा यांनी २०१६ मध्ये मांडलेल्या लाइटनिंग नेटवर्क या बिटकॉइनवरच्या पद्धतीत चॅनेल, म्हणजे रक्कम साखळीवर अडकवून तिचा हिशेब दोघांनी बाहेर चालवण्याची सोय, दुहेरी असतो. म्हणून समोरचा जुनी शिल्लक दाखवून चॅनेल बंद करतो का, यावर कोणाला तरी सतत नजर ठेवावी लागते. एकेरी चॅनेलमध्ये ती गरज उरत नाही. देणाऱ्याने सही केलेल्या प्रत्येक नव्या चिठ्ठीवर आधीच्या चिठ्ठीपेक्षा मोठी रक्कम असते, त्यामुळे घेणारा सगळ्यांत नवी चिठ्ठीच वटवतो, आणि मुदत संपेपर्यंत देणाऱ्याला चॅनेल बंद करता येत नाही. संस्थेने मुदतीच्या आत चिठ्ठी वटवली की काम झाले. संस्थेचा इंटरनेट दोन दिवस बंद पडला तरी बिघडत नाही.

पण दर पल्सला सही केलेली चिठ्ठी पाठवणेही महागच, हे पुढे येईल. त्यासाठी येथे १९९६ मधील एक कल्पना वापरली. रॉन रिव्हेस्ट आणि अदी शमिर यांनी त्या वर्षी पेवर्ड नावाची पद्धत मांडली होती. तिच्या मुळाशी असलेली हॅशची माळ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८१ मध्ये पासवर्डसाठी सुचवली होती. हॅश म्हणजे एका संख्येवरून ठरलेल्या रीतीने काढलेली दुसरी संख्या, जिच्यावरून मूळ संख्या परत काढता येत नाही. ब्लॉकचेन तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हती. उपकरण एक यादृच्छिक संख्या घेते, तिचा एसएचए-२५६ हॅश काढते, त्या हॅशचा पुन्हा हॅश, असे बाराशे वेळा करते. शेवटी जो हॅश निघतो, तोच आठवड्याच्या सुरुवातीला सही करून साखळीवर नोंदवायचा. त्यानंतर प्रत्येक पल्सला माळेतला त्याच्या अलीकडचा एकेक मणी (म्हणजे एक हॅश) उघड करायचा. संस्थेच्या पंपघरातला नियंत्रक त्या मण्याचा हॅश काढून पाहतो. तो आधीच्या मण्याशी जुळला तर ३० पैसे पक्के. हॅशवरून मागचा मणी काढता येत नाही, म्हणून संस्था स्वतःहून पैसे वाढवू शकत नाही. आणि उघड केलेला मणी परत घेता येत नाही, म्हणून शेतकरी नाकारू शकत नाही.

या पद्धतीचा शेतासाठी खरा उपयोग वेगळ्याच जागी आहे. वाऱ्यापावसात रेडिओचे संदेश गळतात. समजा एकेचाळीसावा ते चव्वेचाळीसावा मणी पोहोचलाच नाही. पंचेचाळीसावा आला की संस्थेचा नियंत्रक त्याचा पाच वेळा हॅश काढून चाळिसाव्याशी जुळवतो, आणि मधले चारही आपोआप सिद्ध होतात. संदेश पुन्हा मागवण्याची गरज राहत नाही.

मणी साठवायलाही फारशी जागा लागत नाही. सोळा बाइटांचा एक असे बाराशे मणी म्हणजे १९ हजार बाइटांच्या आसपास, आणि नियंत्रक झोपेत असतानाही शाबूत राहणाऱ्या ८ किलोबाइट स्मृतीत दर पन्नासावा मणी ठेवला तर ३८४ बाइटांत भागते. मधले मणी लागतील तेव्हा पुन्हा काढता येतात. कितवा मणी चालू आहे हा आकडा मात्र वीज गेली तरी टिकला पाहिजे, आणि येथे जपावे लागले. तो फ्लॅश स्मृतीत एकाच जागी दर पल्सला लिहिला, तर दिवसाच्या १६० नोंदींनी १ लाख वेळा पुसण्याची नेहमीची मर्यादा ६२५ दिवसांत संपते. दर दहाव्या पल्सला लिहिल्याने हा प्रश्न मिटला. मध्येच वीज गेली तर जास्तीत जास्त नऊ पल्स हरवतात, म्हणजे २ रुपये ७० पैसे, आणि ते संस्थेने सोडून द्यायचे असे ठरावातच लिहिले.

माळेचीही एक अडचण आहे, आणि ती पुस्तकी वर्णनात सहसा येत नाही. आठवड्याला ११२ घनमीटर म्हणजे १,१२० मणी. हिशेब मिटवताना साखळीवरील कराराने (तेथे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमने) ते सगळे हॅश काढून पाहायचे म्हटले, तर एका मण्याला दीडशे गॅस धरूनही एका बागेमागे १ लाख ६८ हजार गॅस होतो. त्याऐवजी एक सही तपासायला ३,००० आणि साखळीवरची एक नोंद बदलायला ५,००० गॅस पुरतो. म्हणून दोन्ही पद्धती जोडल्या: पाळी चालू असताना फक्त मणी, आणि पाळी संपली की आजवरच्या एकूण आकड्यावर एक सही. साखळीवर जाते ती सही. मणी फक्त तेव्हाच जातात, जेव्हा उपकरण सही न करताच बंद पडते. चाळीस सह्या एकाच व्यवहारात मिटवल्या तर सगळे मिळून ५ लाख गॅसच्या आसपास भागते. प्रत्येक पल्स साखळीवर टाकली असती तर आठवड्याचा गॅस ९४ कोटी झाला असता.

एक्कावन्न बाइट

साखळीचे शुल्क असे आटोक्यात आले, तेव्हा खर्च रेडिओकडे सरकला. बागा विखुरलेल्या, मधे ओढे आणि बाभळी, आणि प्रत्येक व्हॉल्व्हला सिमकार्ड घ्यायचे तर चाळीस रिचार्ज. म्हणून लोरावॅन हे लांबवर छोटे संदेश पाठवणारे रेडिओ जाळे घेतले, जे भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ पट्ट्यात चालते. एक गेटवे (रेडिओचे संदेश इंटरनेटवर पोहोचवणारे यंत्र) पंपघरावर, त्यात एकच सिम. पण लांब पल्ल्याच्या, मंद वेगाच्या संदेशात ५१ बाइटांहून जास्त मजकूर बसत नाही, आणि ईथेरियमच्या जातीची एक सही ६४ बाइटांची असते. सही एका संदेशात मावतच नाही. दर पल्सला सही पाठवायची असती तर दर ३६ सेकंदांना दोन संदेश, आणि सगळ्यांत मंद वेगात भरलेला एक संदेश हवेत पावणेतीन सेकंदांहून जास्त वेळ घेतो. चार-पाच बागा एकाच वेळी चालू असल्या की संदेशांची आपसांत टक्कर होणार हे सांगायला नको.

सोळा बाइटांचा मणी, चार बाइटांचा क्रमांक आणि दोन बाइटांची व्हॉल्व्हची ओळख, असे बावीस बाइट मात्र आरामात बसतात. शिवाय मधले मणी आपोआप सिद्ध होतात, त्यामुळे दर पल्सला संदेश पाठवण्याचीही गरज नव्हती. दर दहाव्या पल्सला, म्हणजे दर घनमीटरला एक मणी, असे ठरले. सहा मिनिटांना एक संदेश; दिवसाला बागेमागे सोळा, आणि पाळी संपल्यावर सहीचे दोन.

चिपच्या बाबतीत एक तडजोड करावी लागली. बांधावरच्या डब्यातून सही करण्याची गुप्त किल्ली चोरली जाऊ नये म्हणून एटीईसीसी-६०८ सारखी सुरक्षित चिप लावतात. ती बाजारात सहज मिळते, पण तिची सही पी-२५६ या वक्रावर (सहीमागच्या गणिताच्या एका प्रकारावर) होते, तर ईथेरियमच्या खात्यांची सही एसईसीपी-२५६के१ वर. पी-२५६ ची सही स्वस्तात तपासणारे काही रोलअप आहेत. त्यांपैकीच एक निवडून हा पेच सोडवला. किल्ली चोरली गेलीच, तरी चोराच्या हाती त्या आठवड्याचे पाणीच लागते.

उधारी किती चालेल

या प्रकरणातला सगळ्यांत लांबलेला वाद तंत्राचा नव्हता. मणी येणे थांबले तर व्हॉल्व्ह किती वेळाने बंद करायचा, यावर बैठक बराच वेळ अडली. संस्थेचे म्हणणे, तीन संदेश चुकले की बंद: म्हणजे चौथ्या संदेशाच्या वेळेपर्यंत वाट पाहायची, चोवीस मिनिटे, चार घनमीटर, १२ रुपये. हंगामभर हजारोंची उधारी सोसणारी संस्था आता बारा रुपयांवर अडून बसली आहे, अशी टिप्पणी गटातून झाली आणि तिच्यात तथ्य होते.

पण खरा मुद्दा बागेचा निघाला. ठिबकमधून विद्राव्य खत सोडताना मध्येच पाणी बंद झाले, तर खताचे द्रावण लॅटरलमध्ये (ठिबकच्या बारीक नळ्यांत) अडकून राहते. अर्ध्या बागेला खत मिळते, अर्धीला नाही, आणि ड्रीपर चोंदण्याची भीती वेगळी. खतानंतर नुसत्या पाण्याने नळ्या धुऊन निघाल्याशिवाय व्हॉल्व्ह बंद करणे कोणत्याही बागायतदाराला परवडत नाही, विशेषतः ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर. तेव्हा मर्यादा एका पूर्ण पाळीची ठरली: संदेश आले नाहीत तरी चालू पाळी पूर्ण होऊ द्यायची, पुढची पाळी मात्र मागचे मणी किंवा सही आल्याशिवाय सुरू करायची नाही. संस्थेचा धोका १२ रुपयांवरून ४८ रुपयांवर गेला. त्या बदल्यात रेडिओची अचूकता, गेटवेला लागणारी दुसरी बॅटरी आणि रात्रीची धावपळ, हे सगळे सैल करता आले.

मायक्रोपेमेंट परवडते की नाही हे मुळात येथे ठरते, असे माझे मत आहे. एका व्यवहाराची किंमत किती, हा प्रश्न दुय्यम. समोरचा निघून गेला तर किती बुडाले तरी चालेल, हा पहिला. तो आकडा शून्याच्या जितका जवळ न्यावा तितकी साखळी, सही, रेडिओ आणि वीज यांचा खर्च वाढत जातो. एकमेकांना ओळखणाऱ्या दोन पक्षांत, ज्यांची पाइपलाइन जमिनीत गाडलेली आहे आणि जे उद्याही तेथेच असणार आहेत, ४८ रुपयांची उधारी मोठी नाही. अनोळखी वाहनाला चार्जिंग स्टेशनवर वीज देताना हाच आकडा वेगळा निघेल.

रिव्हेस्ट यांनी १९९७ मध्ये सुचवलेला आणखी एक मार्गही चर्चेला आला होता: दर वेळी ३० पैसे देण्याऐवजी शंभरातून एकदा लागणारी ३० रुपयांची सोडत. सरासरी तीच राहते आणि वटवायच्या चिठ्ठ्या शंभरपट कमी होतात. मोठ्या जाळ्यात हा मार्ग चांगला आहे. चाळीस बागांत एखाद्याला सलग दोन आठवडे चार सोडती जास्त लागल्या तर त्याला सरासरीचे गणित समजावत कोण बसणार? हा पर्याय सभेपुढे नेलाच नाही.

रुपये कुठे राहतात

साखळीवरचे एकक म्हणजे रुपये नव्हेत, हे प्रथमपासून स्पष्ट ठेवले. भारतात आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणातील नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे आणि १ जुलै २०२२ पासून ठरावीक वार्षिक मर्यादेपुढे १ टक्का टीडीएस. पाण्याचे पैसे कॉइनमध्ये द्यायचे ठरवले असते तर चाळीस बागायतदारांना दर आठवड्याला करसल्लागार लागला असता. रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया १ डिसेंबर २०२२ पासून किरकोळ वापराच्या प्रायोगिक टप्प्यात आहे, पण तो सार्वजनिक साखळीवरील कराराला जोडता येत नाही.

म्हणून दोन्ही पक्षांच्या सहीने चालणारे एक संयुक्त बँक खाते उघडायचे ठरले. प्रत्येक बागायतदाराने आठवड्याचे आगाऊ ३३६ रुपये यूपीआयने त्यात भरायचे. तेवढीच पाण्याची एकके साखळीवर त्याच्या नावे चढवायची, तीही दोन्ही पक्षांच्या किल्ल्या लागल्यावरच. ही एकके विकता येत नाहीत, दुसऱ्याला देता येत नाहीत. त्यांचा उपयोग फक्त या व्हॉल्व्हमधून पाणी घेण्यापुरता. आठवड्याअखेर साखळीवर आकडा पक्का झाला की संयुक्त खात्यातून संस्थेच्या खात्यावर एकच रक्कम जाते, उरलेली पुढच्या आठवड्यात ओढली जाते.

खर्च असा बसतो. महिन्याला पाणी ५७,६०० रुपयांचे. आगाऊ अडकलेले पैसे १३,४४०. वर्षाला १२ टक्के व्याज धरले तर महिन्याला १३४ रुपये. मिटवणुकीचे ५ लाख गॅस ईथेरियमच्या मुख्य साखळीवर, १ ग्वेई भावाने, आठवड्याला १०० रुपये. भाव दहा ग्वेई झाला तर १,०००. रोलअपवर तेच काम काही रुपयांत होते, आणि एवढा स्वस्तपणा असेल तर रोजही मिटवता येईल. तसे केले नाही, कारण संयुक्त खात्यासाठी दोन खजिनदारांना एकत्र बसावे लागते, आणि ते आठवड्यातून एकदाच जमते. शुल्कासाठी लागणारे थोडे ईथर संस्थेच्या एकाच वॉलेटमध्ये ठेवले आणि त्याची वेगळी चोपडी घातली. आगाऊ पैशांवरचे व्याज रोलअपच्या शुल्कापेक्षा जास्त निघाले, हे सभेत अनेकांना पटकन पटले नाही. फलकावर आकडे मांडून दाखवावे लागले.

मीटरपर्यंतची वाट

साखळी पल्सची नोंद सांभाळते. पल्स खरी की खोटी हे तिला कळत नाही. मीटरमधल्या रीड स्विचजवळ, म्हणजे चुंबकाने उघडझाप होऊन पल्स देणाऱ्या कळीजवळ, बाहेरून लोहचुंबक धरला की तो चिकटून राहतो, आकडा थांबतो आणि पाणी मात्र चालू राहते. वायर कापली तरी तेच. यावर क्रिप्टोग्राफीत उत्तर नाही. पाइपलाइनच्या प्रत्येक फाट्यावर एक मोठे मीटर बसवून त्याच्या आकड्याशी खालच्या बागांची बेरीज ताडून पाहणे, हाच उपाय. गळती आणि मीटरची नेहमीची चूक धरून ५ टक्क्यांपर्यंतचा फरक गटाने सोसायचा. त्याहून जास्त निघाला तर त्या फाट्याची मिटवणूक थांबवून दोन्ही पक्षांच्या माणसांनी मिळून जागेवर पाहणी करायची.

ठरावाचे वाचन झाल्यावर गटातील एक ज्येष्ठ बागायतदार म्हणाले, "सचिवसाहेब, पैसं व्हॉल्व्हनं कापलं म्हणताय. चुकलं तर भांडायचं कुणासंगं, व्हॉल्व्हसंगं?" सचिवांनी उत्तर दिले, "आबा, माझ्यासंगंच. पण तवा तुमच्या हातात आणि माझ्या हातात एकच चिठ्ठी असंल." त्या उत्तरातून ठरावात एक कलम वाढले: दर आठवड्याच्या मिटवणुकीनंतर प्रत्येक बागेचा आकडा पंपघराबाहेरच्या फलकावर मराठीत लावायचा, आणि ज्याला फोनवर हवा त्याला संदेशाने पाठवायचा.

शेवटचे कलम बाहेर पडण्याचे आहे. कोणत्याही पक्षाला एक हंगाम आधी लेखी कळवून व्यवस्था थांबवता येईल. तसे झाल्यास शेवटच्या सहीचा आकडा अंतिम धरून संयुक्त खात्यातील शिल्लक पंधरा दिवसांत वाटायची, मीटर आणि व्हॉल्व्ह ज्याच्या बागेत आहेत त्याचे, गेटवे संस्थेचा, आणि साखळीवरील करार दोन्ही किल्ल्यांनी कायमचा बंद करायचा.